धंदा चपलेचा, काम मंडळाचे

कोल्हापूर जिल्ह्यात धंदा आणि मंडळ या दोन गोष्टी तरुण माणसाच्या आयुष्यात जवळजवळ एकाच वेळी शिरतात. पदवीचे शेवटचे वर्ष सुरू असतानाच चपला, कुर्ते, टी-शर्ट किंवा साड्या विकण्याचा छोटा व्यवसाय इन्स्टाग्रामवर सुरू होतो आणि त्याच सुमारास गल्लीतल्या मंडळाची खजिनदारीही अंगावर येते. कागल तालुक्यात हे अधिक ठळक दिसते. फॅशनला लागणारा माल, कारागीर आणि बाजारपेठ तिन्ही इथे हाताशी आहेत आणि सार्वजनिक कामाची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात असे घरोघरी मानले जाते. आधी पोटापाण्याचे बघ, मंडळाचे नंतर, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो. चपलेच्या धंद्यापुरता तरी तो सल्ला अपुरा आहे. ज्या वस्तीतून माल येतो तिथली पुढची पिढी हातात चामडे कापायची रापी धरेल की नाही, यावर हा सगळा धंदा उभा आहे, आणि तो प्रश्न दुकानाच्या गल्ल्यावर बसून सुटत नाही.

कागल हे पुणे-बंगळुरू महामार्गावरचे महाराष्ट्रातले दक्षिणेकडचे शेवटचे मोठे गाव. पलीकडे कर्नाटकातले निपाणी. तालुक्याची ओळख ऊस, साखर कारखाने, दूध आणि राजकारण अशी असली, तरी वस्त्रव्यवसायाच्या नकाशावरही तिला मोठे स्थान आहे. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत रेमंडचा उंची सुती शर्टिंगचा कारखाना आहे. तुर्कस्तानच्या सोक्तासने कोल्हापुरात उभारलेला उंची सुती कापडाचा व्यवसाय २०१९ मध्ये आदित्य बिर्ला समूहातल्या ग्रासिमने घेतला. इंडो काउंटच्या चादरी कोल्हापूर जिल्ह्यातूनच परदेशात जातात. जवळच इचलकरंजी आहे. तिथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सारे गावच मागांवर उभे राहिले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कापड गिरणी काढली. म्हणजे कपड्याचा धंदा करू पाहणाऱ्या कागलच्या मुलाला कापडासाठी मुंबई गाठावी लागत नाही. तरीही तालुक्याचे स्वतःचे, दुसरीकडून न आलेले फॅशनचे धन कापडात नाही. ते चामड्यात आहे.

चिकोत्रा नदीच्या खोऱ्यातले सेनापती कापशी हे कागल तालुक्यातले गाव. सेनापती संताजी घोरपडे यांच्या घराण्याची ही जहागीर, म्हणून गावाच्या नावाआधी सेनापती लागले. कोल्हापुरी चपलेचे जे जुने प्रकार आजही नावाने मागितले जातात, त्यांतला कापशी हा प्रकार याच गावाच्या नावाने ओळखला जातो. पुण्या-मुंबईच्या दुकानात कापशी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला बहुधा ठाऊकही नसते की आपण एका गावाचे नाव घेत आहोत.

ही चप्पल तयार कशी होते हे नीट पाहिले तर तिची किंमतही कळते आणि तिच्या धंद्यातल्या अडचणीही. कच्चे कातडे आधी चुन्याच्या पाण्यात मुरवतात, केस आणि मांस काढतात, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगतात आणि तिच्यात सालीचे पाणी भरतात. पाणी आतून बाहेर झिरपत जाते तसतसे कातडे पक्के होते. या कामाला आठवड्यांमागून आठवडे लागतात. कारखान्यात क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम फार थोड्या वेळात उरकते. पण बाभूळ-हिरड्यात कमावलेल्या चामड्याला जो मधाळ तांबूस रंग येतो आणि घाम शोषण्याचा जो गुण असतो तो त्यात येत नाही. तळासाठी म्हशीचे जाड कातडे लागते, वरच्या वेणीसाठी शेळीचे मऊ. माप ठेवून रापीने तळ कापला जातो, थर एकमेकांवर बसवले जातात, आरीने भोके पाडली जातात आणि चामड्याच्याच वादीने शिवण घातली जाते. जुन्या घडणीच्या चपलेत खिळा नसतो. दोन्ही बाजूंना कान, त्यांना जोडणारा आडवा पट्टा, पुढे अंगठा आणि त्यावर वेणीचे नक्षीकाम, अशी ती घडते. कापणे आणि ठोकणे हे बहुधा पुरुषांचे काम, तर वेणी विणणे आणि शिवणे बायकांचे. चपलेचे सौंदर्य ज्या वेणीत आहे ती घरातल्या बाईच्या बोटांतून उतरते. विक्रीच्या पाटीवर मात्र तिचे नाव क्वचितच येते, आणि नव्या उद्योगांनी दुरुस्त करावी अशी ही पहिली गोष्ट आहे.

चांगली चप्पल घरातल्या दोघा-तिघांच्या हातांखालून जाते. सुट्या भागांची तयारी, वाळवण, पुन्हा ठोकणे, तेल, रंग, घोटाई असे टप्पे असतात. नवी चप्पल पायाला चावते. आठवडाभर तेल लावून, थोडी थोडी वापरून ती पायाच्या वळणाची होते. जुन्या माणसाला हे सांगावे लागत नाही. ऑनलाइन माल मागवणाऱ्या बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला मात्र सांगावेच लागते, नाहीतर तिसऱ्या दिवशी पार्सल परत येते. तरुण उद्योजकाने या धंद्यात जी भर घातली ती नेमकी इथे. डब्यात वापराची चिठ्ठी घालणे, मापांचे तक्ते करणे, आत मऊ अस्तर देणे, ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून खाली रबराचा पातळ थर लावणे, मुलींसाठी हलकी आणि रंगीत घडण करणे अशा छोट्या सुधारणांनी पायताण पुन्हा महाविद्यालयीन मुलांच्या पायांत आले.

या धंद्याला एक सामाजिक ओझे आहे आणि त्याचा उल्लेख टाळून तो समजावून सांगता येत नाही. कातडे सोलणे, कमावणे आणि चप्पल शिवणे ही कामे जातीने वाटून दिलेली होती आणि ती करणाऱ्यांना गावाबाहेर राहावे लागत होते. कोल्हापूर संस्थानात या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का दिला तो कागलच्याच माणसाने. २६ जून १८७४ रोजी जन्मलेले कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये सुरू झालेले मिस क्लार्क वसतिगृह हे त्यांतलेच एक. मार्च १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जी प्रसिद्ध परिषद झाली ती माणगावला, आणि माणगाव त्या काळी कागल जहागिरीत होते. शाहू महाराज त्या परिषदेला स्वतः गेले होते. तरुणांसाठी सार्वजनिक काम म्हणजे काय, याचा कागलमधला सगळ्यात जुना आणि भक्कम दाखला हाच आहे. मुलाच्या राहण्याची, जेवणाची आणि शिक्षणाची सोय झाली की तो जातीने दिलेल्या कामात अडकून पडत नाही, आणि त्यात राहिलाच तर स्वतःच्या मर्जीने राहतो.

कष्ट करत शिकणारा मुलगा ही या गावाची जुनीच ओळख. कागलचे आनंद यादव यांनी शेतात राबत शिक्षणासाठी केलेली धडपड 'झोंबी' या आत्मचरित्रात मांडली. १९८७ साली आलेल्या त्या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

शिक्षणाची दारे उघडल्यावर चर्मकार कुटुंबांतली मुले शिकली, शिक्षक झाली, बँकेत आणि पोलिसांत गेली. हे चांगलेच झाले. पण त्यामुळे धंद्यापुढे एक पेच उभा राहिला. ज्या बापाने आयुष्यभर चपला शिवल्या तोच आता मुलाला आरी हातात धरू देत नाही, कारण या कामात पैसा थोडा आणि मान त्याहून थोडा. कारागीर म्हातारा होत चालला आहे आणि त्याच्या बाजूची जागा रिकामी आहे. कापशी चपलेला मागणी वाढली तरी ती शिवणार कोण, हा प्रश्न या तालुक्यात कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठा आहे.

याच पेचावर काम करू पाहणारा, कागलशी थेट जोडलेला उद्योग म्हणजे 'देसी हँगओव्हर'. हितेश केंजळे आणि त्यांचे मित्र महाविद्यालयीन वयाचे असताना त्याची सुरुवात झाली. केंजळे इजिप्तला गेले असता त्यांच्या पायांतल्या कोल्हापुरी चपलेने तिथल्या लोकांचे लक्ष वेधले, आणि ही वस्तू परदेशात विकली जाऊ शकते हे त्यांना उमगले. परत आल्यावर या मुलांनी माल बनवणारे हात शोधले आणि ते कागलला पोचले. शेतातून, घरातून पिढ्यान्‌पिढ्या चपला शिवणाऱ्या इथल्या कारागिरांकडून त्यांनी हातशिलाईचे बूट आणि चपला करून घ्यायला सुरुवात केली. घडण नव्या पद्धतीची, हात आणि शिवण मात्र जुनीच. विक्रीतला काही भाग कारागिरांच्या गावातल्या मुलांच्या शिक्षणाकडे वळवायचा, असे त्यांनी सुरुवातीपासून ठरवले होते.

जगात त्या काळी अशा उद्योगांचा बोलबाला होता. अमेरिकेतल्या टॉम्स या कंपनीने २००६ मध्ये एका जोडामागे गरीब मुलाला एक जोड फुकट, अशी योजना आणली आणि ती फार गाजली. पुढे तिच्यावर रास्त टीका झाली. फुकट बूट वाटले की त्या गावातल्या चांभाराचा धंदा बसतो आणि गरिबीचे मूळ कारण तसेच राहते. टॉम्सने नंतर ही पद्धत सोडली आणि नफ्याचा एक तृतीयांश भाग समाजकार्याला देण्याची वाट धरली. कागलमधली मांडणी सुरुवातीपासूनच वेगळ्या पायावर होती. इथे चांभाराला फुकट काही द्यायचे नव्हते, त्याच्याकडून माल विकत घ्यायचा होता, तोही चांगल्या भावाने आणि सतत. मुलाच्या शाळेला हातभार ही त्यावरची जोड. हा फरक फार महत्त्वाचा आहे. कारागिराच्या घरात वर्षभर काम आणि वेळेवर पैसा आला, तर त्या घरातले मूल शाळेतही टिकते आणि बापाच्या कामाकडे कमीपणाने बघत नाही. शाळा आणि धंदा ही दोन खाती वेगळी असली तरी ती एकाच घरात भेटतात.

अशा उद्योगांची खरी परीक्षा पहिल्या कौतुकानंतर सुरू होते. परदेशातून मोठी ऑर्डर येते तेव्हा शंभर जोड एकसारखे हवे असतात, आणि हाताने केलेल्या कामात प्रत्येक जोड थोडा निराळा असतो. ठरलेल्या तारखेला माल द्यायचा तर गावातली जत्रा, उरूस, लग्नसराई आणि पाऊस यांचा हिशेब आधीच करावा लागतो. कारागिराला आगाऊ पैसे लागतात आणि गिऱ्हाईक साठ दिवसांनी पैसे देते. मधले भांडवल तरुण उद्योजकाने उभे करायचे. यातला प्रत्येक प्रश्न कारागिराच्या उंबऱ्यावर जाऊन, त्याच्याशी बसून सोडवावा लागतो. म्हणूनच ज्या तरुणाला वस्तीत ओळख आहे, ज्याने तिथल्या मुलांची शिबिरे घेतली आहेत किंवा कुणाला रात्री दवाखान्यात नेले आहे, त्याच्या शब्दाला तिथे वजन असते.

आता मंडळाकडे वळायला हवे. कोल्हापूर जिल्ह्यातले तरुण मंडळ ही संस्था बाहेरच्या माणसाला गणपतीपुरती दिसते. प्रत्यक्षात ती वर्षभर चालते. शिवजयंती, गणेशोत्सव, उरूस आणि जत्रा, कबड्डी-फुटबॉलचे सामने, रक्तदान शिबिरे, गडकोटांची स्वच्छता, स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका, कुणाच्या घरी मयत झाले तर खांदेकरी जमवण्यापासून मांडवापर्यंत सगळे तिच्याकडे येते. कायद्याच्या भाषेत ती सोसायट्यांच्या नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली आणि सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याखाली नोंदवलेली संस्था असते. तिला अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार असतात, ठरावांची वही असते, आणि दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यायचे असतात. नोंदणी न केलेली मंडळेही पुष्कळ आहेत आणि तीही तितक्याच नेटाने राबतात.

या मंडळांची खरी ताकद ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत दिसली. पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, वाहतूक थांबली आणि गावे तुटली. शासकीय यंत्रणा पोचण्याआधी आणि पोचल्यावरही गल्लीतल्या पोरांनी माणसे आणि जनावरे हलवली, जेवण शिजवले, औषधे पोचवली. व्हाइट आर्मीसारख्या प्रशिक्षित पथकांबरोबर नाव नसलेली शेकडो मंडळे पाण्यात उभी होती. तो काळ जिल्ह्यातल्या एका पिढीला बरेच काही शिकवून गेला. याद्या करणे, माल मोजणे, ट्रक कुठे वळवायचा ते ठरवणे, देणगी देणाऱ्याला पोच देणे ही कामे करताना ज्यांना वीस-बावीसाव्या वर्षी जबाबदारी पेलावी लागली, त्यांना पुढे गोदाम आणि कुरिअर सांभाळणे जड गेले नाही.

चपलेचा धंदा आणि मंडळ यांचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. पावसाळ्यात चामडे वाळत नाही. कमावलेले कातडे दमट राहिले तर बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर हा काळ कारागिरासाठी मंदीचा. गिऱ्हाईकही पावसात कोल्हापुरी घेत नाही. नेमक्या याच महिन्यांत मंडळाचे काम शिखरावर असते, कारण पुराची धास्ती जुलै-ऑगस्टला असते आणि गणेशोत्सव ऑगस्ट-सप्टेंबरला. दसऱ्यानंतर ऊन पडते, कातडे वाळू लागते, दिवाळीच्या आणि मग लग्नसराईच्या ऑर्डरी सुरू होतात, आणि तेव्हा मंडळ जरा विसावलेले असते. निसर्गाने आणि सणांनी मिळून जणू पाळ्या लावून दिल्या आहेत. पेच येतो तो फेब्रुवारीत. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, सामन्यांचा हंगाम आणि लग्नाच्या ऑर्डरी एकदम येतात. जो तरुण एकटाच दोन्हीकडे धावतो तो या महिन्यात दोन्हीकडे कमी पडतो. ज्याने मंडळातल्या दोघांना पॅकिंगला आणि भावा-बहिणीला हिशेबाला बसवले, त्याचे निभावते.

कपड्यांच्या धंद्याचे गणित थोडे निराळे आहे, कारण तिथे मंडळच पहिले गिऱ्हाईक असते. गणपतीला आणि शिवजयंतीला प्रत्येक मंडळाचा एक रंग ठरतो. पन्नास-शंभर टी-शर्ट, मागे मंडळाचे नाव, पुढे बोधचिन्ह. फुटबॉल संघाच्या जर्सी, मिरवणुकीचे कुर्ते, फेटे, मुलींच्या ढोलपथकाच्या नऊवारी असे काम गल्लीतच मिळते. तयार कोरे टी-शर्ट तिरुपूरहून आणायचे, छपाई इथे करायची, अशी सुरुवात भांडवल नसलेल्या मुलालाही करता येते. पहिल्या वर्षी स्वतःच्या मंडळाचे, दुसऱ्या वर्षी शेजारच्या तीन मंडळांचे, तिसऱ्या वर्षी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे काम, अशा पायऱ्यांनी हा धंदा वाढतो. यात एक धोका आहे आणि तो उघडपणे मांडायला हवा. खजिनदार तोच आणि टी-शर्ट पुरवणाराही तोच असेल तर संशयाला जागा राहते. वर्गणी हा लोकांचा पैसा आहे. ज्या मंडळात अशा खरेदीसाठी दोन-तीन ठिकाणचे दर मागवून सभेत वाचले जातात, आणि ज्याचा धंदा आहे तो ठरावाच्या वेळी बाजूला बसतो, तिथे पुढे वाद होत नाहीत. हे न पाळल्याने चांगली मंडळे फुटतात आणि त्याबरोबर धंद्याचे नावही जाते.

पैशाची वेगळी खाती हा या दुहेरी आयुष्याचा कणा आहे. धंद्याचे चालू खाते, मंडळाचे संस्थेचे खाते आणि घरखर्च या तिन्हींना एकच मोबाइल आणि एकच क्यूआर कोड वापरला की वर्षाअखेरीस कुणालाच हिशेब लागत नाही. धंद्यातून समाजकार्याला पैसा द्यायचा असेल तर तो किती टक्के, कशातून, विक्रीतून की नफ्यातून, हे आधीच लिहून ठेवलेले बरे. विक्रीतला वाटा द्यायचा शब्द दिला आणि त्या वर्षी तोटा झाला, तर पगार थकतात. नफ्यातला वाटा म्हटले की नफाच दाखवायचा नाही असा मोह होतो. दोन्ही वाटांवर खड्डे आहेत, पण आकडा लोकांसमोर असला तर ते टाळता येतात.

भांडवलाच्या बाजूने आजच्या तरुणाला आधीच्या पिढीपेक्षा बरेच जास्त आधार आहेत. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून चालू आहे आणि त्यात बँक कर्जावर अनुदान मिळते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ कारागिरींत चर्मकार आणि शिंपी दोघेही आहेत. तिच्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख रुपयांचे कर्ज अशी सोय आहे. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ हे तर खास याच धंद्यासाठी आहे. अडचण योजनांची नसते, कागदांची असते. साठी ओलांडलेल्या कारागिराला ऑनलाइन अर्ज भरता येत नाही, आधार आणि बँक खात्यातली नावे जुळत नाहीत, उद्यम नोंदणी म्हणजे काय ते ठाऊक नसते. मंडळाची मुले एक रविवार वस्तीत लॅपटॉप घेऊन बसली तर जे काम होते ते तालुक्याच्या ठिकाणी दहा हेलपाट्यांत होत नाही. तरुणांच्या सार्वजनिक कामाचा आणि फॅशन उद्योगाचा याहून सरळ सांधा दुसरा नाही.

करांचेही ओझे मधल्या काळात वर-खाली झाले. १,००० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी जानेवारी २०२२ मध्ये ५ वरून १२ टक्के झाला आणि स्वस्त चपलेचा कारागीर त्यात भरडला गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर पुन्हा ५ टक्के आकारला जातो, त्यावरच्या किमतीला १८ टक्के. म्हणजे हाताने शिवलेली, महाग कापशी विकणाऱ्याला जास्त कर भरावा लागतो. कच्च्या मालाची ओढाताण निराळीच. २०१५ च्या प्राणी संरक्षण दुरुस्ती कायद्यानंतर राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, कातड्याचा पुरवठा आटला आणि कारागिरांची भिस्त म्हशीच्या कातड्यावर आणि बाहेरून येणाऱ्या मालावर राहिली.

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो २०१९ मध्ये, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच हे नाव लावता येते. सीमेवरच्या कागलला हे सोयीचे आहे, कारण इथला चामड्याचा, मजुरांचा आणि मालाचा व्यवहार राज्याची हद्द कधीच पाळत नव्हता. कर्नाटकातल्या अथणीचा कारागीर आणि कापशीचा कारागीर एकाच परंपरेतले.

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये पुरुषांच्या पायांत अगदी कोल्हापुरीसारखी चप्पल घातली, आणि तिच्या मुळाचा उल्लेख केला नाही. कोल्हापुरात संताप उसळला. समाजमाध्यमांवरही हा विषय पेटला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र पाठवले. ही चप्पल भारतीय हस्तकलेवरून घेतली आहे हे कंपनीने मान्य केले आणि जुलैमध्ये तिचे पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले. या प्रकरणी उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका मात्र फेटाळली गेली. भौगोलिक निर्देशांक नावाचे रक्षण करतो आणि तेही आपल्या देशात. चपलेचा घाट परदेशात कुणी उचलला तर त्याला अटकाव करण्याची ताकद त्यात नाही, हे या प्रकरणातून सर्वांना कळले. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. त्यानुसार या भागात सुमारे २,००० जोड बनवून घ्यायचे आणि कारागिरांना प्रशिक्षण द्यायचे ठरले.

या सगळ्या गाजावाजात एक साधी गोष्ट मागे पडते. भौगोलिक निर्देशांक चपलेला मिळाला म्हणून प्रत्येक कारागिराला तो आपोआप वापरता येत नाही. त्यासाठी प्रत्येकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी लागते. चर्मोद्योग महामंडळाने चपलेला क्यूआर कोड लावण्याची सोय केली आहे. तो फोनवर उघडला की चप्पल कुणी आणि कुठे बनवली हे गिऱ्हाइकाला दिसते. त्या कोडमागे कारागीर म्हणून कोणाचे नाव जाते, दुकानदाराचे, ब्रँडचे की वेणी विणणाऱ्या बाईचे, हे अर्ज भरतानाच ठरते. कापशीसारख्या गावात असे अर्ज घरोघरी जाऊन भरून घेण्याचे काम एका मंडळाच्या दहा-बारा मुलांच्या आवाक्यातले आहे, आणि पावसाळ्याचे मंदीचे महिने त्याला सोयीचे आहेत.